फराळ, चांदणी, रंगरंगोटी सगळं होतं; नाताळासाठी मनाची तयारी कशी करता?

नलू_सोलापूर (धागाकर्ती) | २९ नोव्हेंबर, रात्री १०:४०

जय ख्रिस्त मंडळी.

उद्या आगमनकाळाचा (नाताळाआधीच्या चार रविवारांचा काळ) पहिला रविवार. दरवर्षी याच सुमाराला मी ठरवते की या खेपेला नाताळाआधी रोज थोडं शांत बसायचं, वचन वाचायचं, प्रार्थना करायची. आणि दरवर्षी होतं काय? पहिला आठवडा पोटमाळ्यावरून चांदणी काढण्यात जातो (तिची वायर उंदराने खाल्लेली असते), दुसरा पडदे धुण्यात आणि रंगाच्या डब्यांत, तिसरा फराळात, चौथा महिला मंडळाच्या गाण्याच्या तालमीत. २४ च्या रात्री उपासनेला बसते तेव्हा पायात गोळे आलेले असतात आणि डोक्यात एकच, गॅस बंद केला का? गेल्या वर्षी पाळकसाहेब 'उतारशाळेत जागा नव्हती' हे वाचत होते आणि मला चक्क डुलकी लागली. शेजारच्या बाईंनी कोपराने ढोसलं.

घरी येऊन चपला काढताना रडूच आलं. सगळ्यांच्या स्वागताची तयारी झाली होती, ज्याचा सण त्याचीच राहिली.

तर तुम्ही काय करता? पुस्तकी उत्तर नको आणि 'वेळ काढा' हे तर मुळीच नको. मी साडेआठला घर सोडते, सातला परत येते. घरात खरंच जे करता ते सांगा.

---

शेंगाचटणी | २९ नोव्हेंबर, रात्री १०:५८

'गॅस बंद केला का' ही आमच्या मातोश्रींची अधिकृत नाताळ प्रार्थना आहे. एकदा तर त्या विजापूर रोडवरून रिक्षा परत फिरवून घरी गेल्या होत्या. गॅस बंदच होता. उपासना बुडाली ती बुडालीच.

---

निवृत्त_मास्तर | ३० नोव्हेंबर, सकाळी ६:१५

नलूताई, प्रश्न आवडला. माझा अनुभव सांगतो.

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाची सुरुवात बाळापासून होत नाही, हे आपण विसरतो. ती होते एका म्हाताऱ्या याजकापासून. जखऱ्या मंदिरात धूप जाळायला जातो, देवदूत सांगतो की तुला मुलगा होईल, आणि हा विचारतो, 'कशावरून?' मग त्याची वाचाच जाते. योहान जन्मून त्याचं नाव ठेवेपर्यंत तो मुका. म्हणजे नाताळाच्या गोष्टीतली पहिली तयारी कोणती, तर एका धर्मगुरूचं तोंड बंद होणं!

मी ३४ वर्षं वर्गात बडबडलो. निवृत्त झालो त्या डिसेंबरात ठरवलं की सकाळी चहाआधी दहा मिनिटं काही बोलायचं नाही, काही मागायचंसुद्धा नाही. पहिले आठ दिवस डोक्यात पेन्शनचे कागद फिरत होते. नवव्या दिवशीही तेच फिरत होते. पण पंधराव्या की सोळाव्या दिवशी कधीतरी लक्षात आलं, की मी आयुष्यभर प्रार्थनेत देवाला सूचना देत आलोय. हेडमास्तरांना अर्ज करावा तशा. मुद्दे क्रमांक १, २, ३.

दहा मिनिटं नसतील तर तीन बसा. बसा मात्र.

---

स्पष्टवक्ता | ३० नोव्हेंबर, सकाळी ९:०२

राग मानू नका, पण आगमनकाळ पवित्र शास्त्रात कुठे आहे? २५ डिसेंबरही नाही. आमच्या लहानपणी मंडळीत हे जांभळं कापड, मेणबत्त्या काही नव्हतं. डिसेंबर आला की गल्लोगल्ली गाणी म्हणत फिरायचं, एवढंच. आता दरवर्षी एक नवीन प्रकार निघतो. ज्याचं मन वर्षभर तयार नाही ते चार रविवारांत काय तयार होणार? आणि मेणबत्त्यांचा तो सगळा प्रकार कॅथलिक लोकांचा, आपण उगाच उचलला.

---

शेंगाचटणी | ३० नोव्हेंबर, सकाळी ९:१०

काका उपासनेला जायच्या आधीच उपदेश करून मोकळे झाले :)

---

आशा_माहेर_वसई | ३० नोव्हेंबर, दुपारी १:३०

मी कॅथलिक, लग्नानंतर सोलापूरची झाले. स्पष्टवक्ता काका, मेणबत्त्यांचं श्रेय आम्हाला दिलंत त्याबद्दल आभार, पण ते आमचं नाही! आगमनकाळाचं चक्र सुरू केलं ते हँबुर्गच्या विखर्न नावाच्या तुमच्याच प्रोटेस्टंट पाळकांनी, १८३९ मध्ये. ते गरीब, निराधार मुलांचं वसतिगृह चालवायचे. पोरं रोज विचारायची, नाताळ कधी, नाताळ कधी. म्हणून त्यांनी गाडीच्या जुन्या चाकावर मेणबत्त्या बसवल्या. रोजची एक छोटी, रविवारची मोठी. पोरांनी मोजत बसावं. आमच्याकडे ते पुष्कळ नंतर आलं. आता तीन जांभळ्या आणि तिसऱ्या रविवारची एक गुलाबी असते. गुलाबी का, तर तो आनंदाचा रविवार. अर्धी वाट संपली, आता हसायला हरकत नाही.

आमच्याकडे खरी तयारी म्हणजे पापनिवेदन, फादरांपुढे पापं कबूल करणं. नाताळाआधी रांगा लागतात. लहानपणी मी रांगेत उभी राहून पापं बोटांवर मोजायची आणि संख्या कमी पडली तर भावाची दोन घालायची.

---

स्पष्टवक्ता | ३० नोव्हेंबर, दुपारी २:०५

विखर्न यांच्याबद्दल माहीत नव्हतं. मेणबत्तीपुरतं मागे घेतो. बाकी मत कायम.

---

धोटा | १ डिसेंबर, सकाळी ८:५०

नाइट शिफ्ट करून आत्ता आलोय, चुका सांभाळून घ्या. अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात आहे. शांतता वगैरे आमच्या नशिबात नाही. शेडमध्ये एवढा खडखडाट असतो की शेजारचा ओरडला तरी ऐकू येत नाही. शांत बसायचं म्हणजे आमच्यात झोपायचं.

पण मी एक करतो. ताण्याचा धागा तुटला की माग थांबतो. वाकून टोक शोधायचं, गाठ मारायची, परत चालू. मी ठरवलंय, एका गाठीला एक नाव. गाठ मारेपर्यंत त्या माणसासाठी प्रार्थना. पाच-सहा सेकंदांची. बायको, पोरगं, आई, शेजारचा मागवाला (तो तेलुगू आहे, त्याला माहीतही नाही), सुपरवायझर. सुपरवायझरला लै गाठी लागतात. रात्रीतून चाळीसेक नावं सहज होतात. डिसेंबरात जरा यादी वाढवतो, वर्षभरात ज्यांच्याशी वाकडं आलं ते पण घेतो.

सूत चांगलं आलं की मात्र प्रार्थना कमी होते :D

---

निवृत्त_मास्तर | १ डिसेंबर, सकाळी ९:२०

धोटा, तुझ्यापुढे माझी दहा मिनिटं म्हणजे पेन्शनरचा शौक आहे बाबा. झोप आता.

---

शेंगाचटणी | १ डिसेंबर, सकाळी ९:३१

धाग्यावर धाग्याची प्रार्थना. हा प्रतिसाद वर पिन करा कोणीतरी.

---

नलू_सोलापूर | १ डिसेंबर, रात्री ९:४५

धोटा दादा, हे मला जमेल असं वाटतंय! मी १३ तारखेला करंज्या करणार. दीडशे होतात. एका करंजीच्या मुरडीला एक नाव. मुरड घालायला तेवढाच वेळ लागतो.

---

लिली_सिस्टर | २ डिसेंबर, दुपारी ३:१०

माझी मराठी थोडी कच्ची आहे, समजून घ्या. मी केरळची, २२ वर्षं सोलापुरात नर्स. आमच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये १ ते २५ डिसेंबर उपवास असतो. त्याला नोंब म्हणतात. मांस, मासे, अंडी, दूध बंद. उपाशी नाही राहायचं, भात-भाजी चालते. पण हात सवयीने फ्रिजमधल्या अंड्याकडे जातो आणि तिथे आठवतं, अरे, वाट बघतोय आपण. दिवसातून तीन-चार वेळा असं आठवतं. माझ्यासाठी तेवढं पुरतं. वेगळा वेळ काढावा लागत नाही. ड्युटीवर असते तेव्हा तर हेच बरं पडतं.

---

शेंगाचटणी | २ डिसेंबर, दुपारी ३:२५

२५ दिवस मटण बंद? सोलापुरात? सिस्टर, तुम्हाला साष्टांग.

---

अनंत_शेजारी | २ डिसेंबर, रात्री ८:००

मी ख्रिस्ती नाही, पण वाचतोय. आमच्या वाड्यात दोन ख्रिस्ती घरं. लहानपणापासून नाताळचं ताट येतं, करंजी-चकली-शंकरपाळी. आम्हाला वाटायचं यांची दिवाळी उशिरा येते. त्या ताटामागे एवढी वाट पाहणं असतं हे आज कळलं.

आमची आजी कार्तिकात पहाटे काकड्याला जायची. थंडीत, कानाला फडकं बांधून. मी एकदा विचारलं, रोज का जातेस, देव कुठे पळून जातोय का? म्हणाली, देव नाही जात, मीच जाते. लिली सिस्टरांचा प्रतिसाद वाचून ते आठवलं.

अवांतर: यंदा खवा कुठे चांगला मिळतोय? दिवाळीत दोनदा फसलो.

---

शेंगाचटणी | २ डिसेंबर, रात्री ८:०४

संपलं. आता पुढचे वीस प्रतिसाद खव्यावर.

---

आशा_माहेर_वसई | २ डिसेंबर, रात्री ८:२०

ओळखीच्या गवळ्याकडून दूध घ्या आणि घरीच आटवा. ढवळायला पाऊण-एक तास लागतो. तेवढ्यात मरीयेचं पूर्ण स्तोत्र पाठ होतं, लूक १:४६ ते ५५. दहाच वचनं आहेत. मी असंच पाठ केलं.

---

जुळे_सोलापूरकर | २ डिसेंबर, रात्री ९:१५

आशाताईंनी खवा आणि स्तोत्र एकाच पातेल्यात आटवलं, मानलं. घरचाच खवा +१.

---

अनामिक_तारा | ४ डिसेंबर, रात्री १२:४०

लिहू की नको असं चाललं होतं. ऑगस्टमध्ये पप्पा गेले. चांदणी तेच लावायचे. बांबू गच्चीला बांधायचा, वायर खिडकीतून आत घ्यायची, मग खाली रस्त्यावर जाऊन दिसते का बघायची, मग परत वर जाऊन सरळ करायची. निदान चार फेऱ्या. या वर्षी आई म्हणते, लावायची नाही. भाऊ म्हणतो, लावायचीच, पप्पांना आवडलं असतं. दोघंही मला विचारतात. मला प्रार्थनाच होत नाही. उपासनेत सगळे आनंदाची गाणी म्हणतात तेव्हा मी बाहेर नळापाशी जाऊन उभी राहते.

इथे सगळे मन तयार करतायत. माझं मन तयार नाही आणि तयार करायचीही इच्छा नाही.

---

लिली_सिस्टर | ४ डिसेंबर, सकाळी ५:५०

मोली (म्हणजे लेकी), मी वाचलं. ड्युटी संपली की तुझ्या नावाने प्रार्थना करते. तू करू नकोस, मी करते.

---

निवृत्त_मास्तर | ४ डिसेंबर, सकाळी ६:३०

बाळ, नळापाशी उभी राहा, खुशाल उभी राहा. आगमनकाळाचं प्रत्येक वाचन आनंदाचं नसतंच. यशयाचा ४० वा अध्याय सुरू होतो तो 'सांत्वन करा, माझ्या लोकांचे सांत्वन करा' असा. ज्यांचं सगळं गेलं होतं त्यांच्यासाठी लिहिलेलं आहे ते. आणि १३ वं स्तोत्र बघ. 'कोठवर?' हा एकच शब्द पुनःपुन्हा. चार वेळा. तो शब्द म्हणता आला तरी त्याला मी प्रार्थना म्हणेन.

आमची ही गेली त्या वर्षी मी चांदणी लावली नाही. पुढच्या वर्षी लावली. दोन्ही वर्षी नाताळ आला. एवढंच मला माहीत आहे.

---

स्पष्टवक्ता | ४ डिसेंबर, सकाळी १०:११

तारा, कुठल्या भागात राहता? चांदणी लावायची ठरली तर बांबू बांधायला माणूस लागेल. मी येतो. नाही ठरली तरी कळवा, चहाला येतो.

---

जुळे_सोलापूरकर | ५ डिसेंबर, दुपारी १२:२०

मी लूक वाचतोय, १ तारखेपासून रोज एक अध्याय. २४ अध्याय, २४ दिवस, हिशोब चोख. पण एक अडचण. जन्म दुसऱ्याच दिवशी आटपला! आता पुढे २३ तारखेला वधस्तंभ येणार. घरात चकल्या तळल्या जातायत आणि मी वाचतोय की त्याला खिळलं. हे विचित्र वाटत नाही का? त्यापेक्षा यशया ९, ११, ४० आणि मग लूक १-२ असं हळूहळू घ्यावं की काय?

---

धोटा | ६ डिसेंबर, सकाळी ९:०५

मी पण लूकच वाचतोय, मोबाईलवर, जेवणाच्या सुट्टीत. विचित्र वाटतं तर वाटू दे की.

मला एक दिसलं ते सांगतो. आम्ही कापडातली माणसं, नजर तिथंच जाते. दुसऱ्या अध्यायात आई त्याला बाळंत्यात गुंडाळून गव्हाणीत ठेवते. २३ व्यात योसेफ नावाचा माणूस त्याला तागाच्या कापडात गुंडाळून कबरेत ठेवतो. दोन्हीकडे कापड, दोन्हीकडे गुंडाळणं, दोन्हीकडे जागा दुसऱ्याची. २४ व्यात पेत्र आत वाकून बघतो तर नुसती तागाची वस्त्रं पडलेली. हे कापड कोणी विणलं असेल, असा विचार करत मी रात्रभर माग चालवला. ज्याने विणलं त्याला काय माहीत ते कशाला लागणार.

आम्ही टॉवेल विणतो. कोणाचं बाळ पुसतील, काय माहीत.

---

जुळे_सोलापूरकर | ६ डिसेंबर, सकाळी ९:४०

बे, मी इतकी वर्षं लूक वाचतोय आणि हे कधी दिसलं नाही. ठरलं, २४ अध्यायच.

---

रॉकी_तरुणसंघ | ८ डिसेंबर, रात्री ११:३०

इथे सगळे गंभीर, म्हणून जरा आमची तयारी ऐका. काल गाणी म्हणत फिरायला टेम्पो काढला. सात रस्त्याजवळ बंद पडला. सांताक्लॉजसकट अकरा जणांनी ढकलला. सांताची दाढी सायलेन्सरला लागून अर्धी जळली. एका काकूंच्या दारात पोचलो तेव्हा साडेबारा. आम्ही ढोलकी सुरू करणार तेवढ्यात त्या म्हणाल्या, नको, नवरा आजारी आहे, एक कडवं हळू म्हणा. बारा पोरं कुजबुजत गायली. ढोलकीवाला नुसती बोटं फिरवत होता. काका आतून खाटेवरूनच गुणगुणत होते, ते दारापर्यंत ऐकू येत होतं.

परत येताना टेम्पोत कोणी बोललं नाही. नंतर चहाला थांबलो आणि परत दंगा सुरू.

---

अनामिक_तारा | ९ डिसेंबर, रात्री १०:००

रॉकी, ते आमच्याच गल्लीत होतं. मी खिडकीत होते.

---

नलू_सोलापूर | १४ डिसेंबर, दुपारी ४:२५

अहवाल देते. काल करंज्या झाल्या. एका मुरडीला एक नाव. पहिल्या चाळीस-पन्नास मजेत गेल्या. मुलं, नवरा, ऑफिसातल्या, तारा, तारेचे पप्पा, धोटा दादांचा सुपरवायझरसुद्धा. मग नावं संपत आली आणि जे टाळत होते ते आलं. जाऊबाई.

सांगूनच टाकते. सासूबाई गेल्या तेव्हा त्यांचा पितळी सोऱ्या जावेने नेला. मोठा, जड, दांडीवर सासूबाईंचं नाव कोरलेलं. तीन वर्षांपूर्वी मी मागितला, तिने दिला नाही, मी चार माणसांत बोलले. मग ती बोलली. तेव्हापासून बोलणं बंद. एकाच मंडळीत येतो, ती डावीकडे बसते, मी उजवीकडे. प्रभुभोजन दोघी घेतो.

काल तिच्या नावाच्या करंजीची मुरड तीनदा सुटली. तळताना ती फुटली आणि सगळं तेल खराब झालं. हसू नका. मी गॅस बंद केला (हो, केला) आणि ओट्याशी उभी राहिले. डुलकी का लागते ते कळलं. दमणूक होतीच, पण मी आत जायचंच टाळत होते.

आता काय करू?

---

आशा_माहेर_वसई | १४ डिसेंबर, दुपारी ४:५०

आज गुलाबी मेणबत्तीचा रविवार आहे आणि तू रडवलंस. मी असते तर आधी देवापुढे सगळं ओतलं असतं, मग तिच्याकडे गेले असते. मन शांत नसताना गेलं तर परत भांडण होतं.

---

स्पष्टवक्ता | १४ डिसेंबर, संध्याकाळी ६:१५

असहमत. मत्तय ५:२३-२४. वेदीपाशी अर्पण आणताना आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी जा. मन शांत झाल्यावर जा, असं लिहिलेलं नाही. आणि 'तुझ्या मनात' असंही नाही, 'त्याच्या मनात' आहे. कोण चुकलं हा मुद्दाच तिथे नाही.

हे मी मोठ्या तोंडाने लिहितोय खरा. माझा आणि धाकट्या भावाचा प्लॉटवरून ११ वर्षं अबोला आहे. वचन पाठ आहे, पाय उचलत नाही. पहिल्या दिवशी मी इथे लिहिलं होतं की वर्षभर मन तयार पाहिजे. ते आज परत वाचलं. जाऊ द्या.

ताई, तुम्ही जा. सोऱ्या मागू नका.

---

शेंगाचटणी | १४ डिसेंबर, संध्याकाळी ६:३०

काका, मी गाडी काढतो. कधी जायचं भावाकडे, बोला.

---

स्पष्टवक्ता | १४ डिसेंबर, संध्याकाळी ७:०२

होटगी रोडला राहतो तो. बघू.

---

धोटा | १५ डिसेंबर, सकाळी ८:४५

काल रात्री एक गाठ जाऊबाईंना दिली. काकांच्या भावाला दोन.

---

नलू_सोलापूर | २२ डिसेंबर, रात्री १०:२०

उशीर झाला लिहायला. शनिवारी गेले. करंज्यांचा डबा घेऊन. दार तिनेच उघडलं. मी काय बोलायचं ते रिक्षात पाठ केलं होतं, सगळं विसरले. म्हणाले, 'डबा रिकामा परत द्यायची घाई नाही.' ती म्हणाली, 'आत या, चहा टाकते.' चहा झाला. पोरांच्या परीक्षा, पाण्याचा दिवस, गुडघे. सोऱ्याचा विषय मी काढला नाही, माफीचाही धड निघाला नाही. निघताना तिचा हात धरला तर तिने सोडवून घेतला नाही. बस, एवढंच.

काल चौथ्या रविवारी उपासनेनंतर तिचा मुलगा पिशवी देऊन गेला. आत सोऱ्या. चिंचेने घासून लख्ख केलेला. पण चकलीची चांदणीची चकती नाही! शेवेची आहे, पापडीची आहे, चकलीचीच नाही. विसरली की मुद्दाम ठेवून घेतली, देव जाणे. मास्तर, आज सकाळी तीन मिनिटं बसले, त्यातली दोन या चकतीतच गेली.

उद्या चकल्या करायच्या आहेत.

---

अनामिक_तारा | २२ डिसेंबर, रात्री १०:४१

ताई, आमच्याकडे जुन्या सोऱ्याच्या दोन चकत्या पडून आहेत. तुमच्या सोऱ्याचं तोंड केवढं आहे? माप टाका. स्पष्टवक्ता काका उद्या सकाळी बांबू बांधायला येणार आहेत, त्यांच्याजवळ देते.

---

स्पष्टवक्ता | २२ डिसेंबर, रात्री १०:५०

देतो पोचवून. दहाच्या आत. नंतर होटगी रोडला जायचंय.